तांबूस पालवीचं दार

शनिशिंगणापूर म्हणजे घरांना दारं नसलेलं गाव, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र त्याच रस्त्याने एक दार बघायला निघाले होते. हसा खुशाल, एसटीत शेजारी बसलेल्या काकूही हसल्याच.

माझे अण्णा साखर कारखान्यात सुतार होते. उरलेल्या वेळात लाकडात झाडं कोरायचे आणि केलेलं सगळं कुणाकुणाला देऊन टाकायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या हातचं घरात काहीच उरलं नव्हतं. मग मागच्या महिन्यात शांतामावशी, आईची धाकटी बहीण, फोनवर सहज बोलून गेली की आई गेल्यावर अण्णा सोनईजवळच्या तिच्या वस्तीवर राहिले होते, तेव्हा त्यांनी तिथल्या विहाराचं दार कोरलं. मी त्या वेळी नोकरीसाठी गुवाहाटीला, मला पत्ताच नव्हता. त्या दारावरून हात फिरवायचा, अण्णांच्या पटाशीच्या खुणा बोटांना लागू द्यायच्या, एवढ्यासाठी निघाले. त्यांची आठवण आली की हल्ली धरायला काहीच सापडत नाही.

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची गाडी धरा. बायकांना अर्धं तिकीट. नगरला गाडी बदलून घोडेगावला उतरायचं आणि तिथून जीपने सोनई. शनिवारी मात्र जाऊ नका, शिंगणापूरच्या गर्दीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. फाट्यावरच्या रसवंतीत आलं घातलेला रस प्यायले आणि लगेच दुसरा ग्लास मागितला. चैत्राचं ऊन तापलं होतं, शेतांत कांद्याची काढणी चालली होती.

अण्णांचा एक हट्ट होता. लाकडाला तेल पाजायचं, पण रंग लावायचा नाही. आई म्हणायची, तुमची झाडं बारा महिने वाळलेलीच दिसतात. त्यावर ते ताटावरून उठायचे. मी कायम अण्णांच्या पक्षात.

मावशी जीपपाशीच उभी होती. जय भीम झाला, आणि चहाही न घेता मी तिला विहाराकडे ओढलं. पत्र्याची पडवी, अंगणात पिंपळ आणि समोर ते दार. आख्खं दार ऑइलपेंटने रंगवलेलं. पानं हिरवीगार, खोड चॉकलेटी, सगळं चकचकीत. हात फिरवला तर गुळगुळीत. पटाशीची एकही खूण लागेना. माझं डोकंच फिरलं. एवढ्या चांगल्या सागवानाची कुणी वाट लावली, असं मी मावशीला तिथेच विचारलं.

"कुनी म्हंजी? दाजींनीच रंगवलं," मावशी म्हणाली.

मावशीने पडवीत बसकण मारली.

"कोरून झालं, आन् दोन दिस नुसते बसून हुते. मग सोता श्रीरामपूरला जाऊन डबे आनले. म्हनले, पालवी लाल असती, लाकडात ती कशी दिसायची? तिचं बरुबर हुतं, तुज्या आईचं."

मग मी नीट पाहिलं. खालची पानं गर्द हिरवी, एकदोन पिवळी पडून गळायला आलेली, आणि शेंड्याची तांबूस, कोवळी. पानं सगळी एकाच घडणीची. कुठलं जून, कुठलं कोवळं, हे रंगाशिवाय कळलंच नसतं. बुद्धपौर्णिमेआधी वस्तीवरच्या बायका दार पुन्हा रंगवतात. तो तांबूस रंग डब्यात तयार मिळत नाही, म्हणून अंगणातल्या पिंपळाची पालवी तोडून दुकानात दाखवायला नेतात. हे अण्णांनीच सांगून ठेवलंय म्हणे.

मी पडवीत बसून खूप रडले. मावशीने रडू दिलं, मग बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी वाढली.

पुण्याला परतून आठवडा झाला. जन्मभर एका शब्दावरून ताटावरून उठणारा माणूस, ऐकायला आई उरली नाही तेव्हा "तिचं बरोबर होतं" म्हणाला. तिला हे कळायला हवं होतं. कोऱ्या लाकडाची ओढ आता संपली. हातात ब्रश घेऊन शेंड्याचं पान रंगवणारे अण्णा मला बघायचे आहेत, आणि तिथे कुठलीच एसटी जात नाही.