मेजर ॲकर्सलीचं पदक

लायनेल ॲकर्सलीला आमच्या गावात तोंडावर सगळे साहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. स्केलबेकची लोकरीची गिरणी त्याच्या बापाची. पोराला मागाची ओळख व्हावी म्हणून बापाने त्याला वर्षभर मुकादम एनोक बराक्लफच्या हाताखाली ठेवलं. एनोकने त्याला तुटलेला धागा सांधायला शिकवलं. त्याची परतफेड लायनेलने चहाड्यांनी केली: एनोक कोणाला वेळेआधी चहाला सोडतो, हे रोज संध्याकाळी बापाच्या कानावर जायचं.

चौदा साली लढाई लागली आणि गिरणीतले आम्ही बासष्ट जण एकाच दिवशी भरती झालो. लायनेल कॅप्टन झाला, कारण तो मालकाचा मुलगा. एनोक सार्जंट. आणि मी, विल्फ्रेड सटक्लिफ, कॅप्टनचा ऑर्डर्ली. बूट घासायचे, दाढीला पाणी तापवायचं, चिठ्ठ्या पोचवायच्या.

सोळाच्या एप्रिलात, फ्रान्समध्ये, शेजारच्या कंपनीच्या कॅप्टनला पदक मिळालं. तेव्हापासून आमच्या कॅप्टनला अन्न गोड लागेना. वरून कोणी सांगितलं नसताना यानेच मागे लागून जर्मन खंदकावर धाड घालायची परवानगी मिळवली, तीही भर दुपारी. एनोक सांगायला आला की समोरची काटेरी तार अजून शाबूत आहे, त्याने स्वतः दुर्बिणीतून पाहिलीय.

कॅप्टनने मान वर केली नाही. "भीती वाटत असेल तर तसं सांग, सार्जंट."

"वाटतेच, साहेब. तीस पोरं नेतोय मी. तुम्ही आमच्याबरोबर येताय ना?"

मागोमाग येतो, असं कॅप्टन म्हणाला. आला नाही. जमिनीखालच्या खोलीत दार लावून बसला, आणि दाराशी मला उभं केलं. अकरा जण तारेतच अडकून मेले. उरलेल्या एकोणीस जणांना एनोकने हुकमाची वाट न बघता परत आणलं.

कॅप्टनने अहवाल लिहिला की तो स्वतः आघाडीवर होता आणि सार्जंटने कच खाल्ली म्हणून बेत फसला. तो कागद मीच वरच्या ऑफिसात पोचवला, वाटेत वाचलासुद्धा. चौकशीत कर्नलने मला विचारलं, कॅप्टन तेव्हा कुठे होते? मी म्हणालो, पुढे होते. खरं बोललो असतो तर पुढच्या धाडीत पहिला नंबर माझा लागला असता.

एनोकच्या बाहीवरचे सार्जंटचे पट्टे सगळ्या कंपनीसमोर कापले. कॅप्टनला पदक मिळालं, आणि वर्षभरात तो मेजरही झाला.

लढाई संपली, आम्ही पुन्हा त्याच्याच गिरणीत. दुसरी गिरणी होती कुठे? दोन वर्षं मी एनोकशेजारी माग चालवला, तेव्हा कुठे त्याला सगळं सांगायचं धाडस झालं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी तिथेच होतो. मार्थाला सांग." मार्था ग्रीनवुडचा मुलगा क्लिफर्ड त्या अकरांतला. मी मात्र तिच्या दारावरून तीनदा परत फिरलो.

एकवीस साली लढाईत मेलेल्यांच्या नावांचा दगड चर्चसमोर बसवला. पडदा उघडायचा मान मेजरचा. भाषणात तो त्या धाडीवर आला आणि म्हणाला, काहींनी पाय मागे घेतले नसते तर आज या दगडावर नावं कमी असती. एनोक पुढच्याच रांगेत उभा होता.

मार्था म्हणाली, "माझा क्लिफर्ड पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात, मेजर?"

तो हसला. "त्याच्यापुढे दहा पावलं, बाई. विचारा विल्फ्रेडला. त्याने कर्नलसमोर सांगितलंय."

सगळे माझ्याकडे वळले. "खोटं सांगितलं होतं मी," मी म्हणालो. "हे खाली खोलीत बसले होते. दाराशी मी होतो."

मार्थाने आधी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मेजरसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. मग ती निघाली. तिच्यामागे एनोक, त्याच्यामागे सगळे. पडदा मेजरने पाद्री आणि बँडवाल्यांपुढे उघडला.

सोमवारी एनोकला आणि मला गिरणीचं फाटक बंद झालं. एनोक बायकोला घेऊन कीथलीला गेला आणि तिथे साधा विणकर म्हणून राबला. सरकारी कागदात तो अजून भित्राच आहे. त्याचं नाव साफ करायला आम्ही दोनदा अर्ज केले, उत्तर नाही. मेजर गावचा दंडाधिकारी झाला आणि सत्तराव्या वर्षी आपल्या बिछान्यात मेला. पेपरात त्याच्या शौर्यावर अर्धं पान आलं. त्याच्या मातीला कोणी गेलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण गिरणीचा हुकूम होता. निम्मं गाव टोप्या काढून उभं होतं.