परदेशी गेलेल्या मुलाची गाडी

मेलनी परेराला राग येतो, हे आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे. एक्स-रे विभागात ती नऊ वर्षं आहे. रांग मोडून आत घुसलेल्या एका नगरसेवकाच्या पुतण्याला तिने परत बाहेर नेऊन बाकावर बसवलं होतं. मी बिलिंगला असते. आम्ही दोघी एकाच महिन्यात कामाला लागलो आणि तेव्हापासून डबा एकत्र खातो. ती वाकोल्याच्या जुन्या गावठाणातली, मी मुलुंडची.

तिला नाद एकच. डर्ट बाइकचा. वसईच्या पुढे एका माळावर मातीचा ट्रॅक आहे. दर रविवारी ती तिथे जाऊन भाड्याच्या गाडीवर उड्या मारते आणि सोमवारी नखांत लाल माती घेऊन कामावर येते. गेल्या वर्षी तिने स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं. नवी परवडत नव्हती, म्हणून फोनवर जाहिराती बघायला लागली. थेट मालकाकडून घ्यायची, मधे दलाल नको.

बोरिवलीचा एक जण म्हणाला, "ताई, मिस्टरांना घेऊन या ना, त्यांना समजेल."

"मिस्टर नाहीयेत," मेलनी म्हणाली, "आणि असते तरी घरीच ठेवले असते."

अंधेरीतल्या एकाने गाडी सुरूच होऊ दिली नाही, बॅटरी उतरलीय म्हणाला. दीड महिना असाच गेला. मग मुलुंडची जाहिरात मी शोधून दिली. मी. हे लिहितानाही माझा माझ्यावरचा राग गेलेला नाही. "मुलगा कॅनडाला गेल्याने विकणे आहे. सज्जन व्यक्तींनीच फोन करावा." त्या 'सज्जन' शब्दावर मी भाळले.

श्यामकांत सबनीस नावाचे निवृत्त गृहस्थ. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज. त्यांच्या बायकोने, शर्मिष्ठाबाईंनी, आम्ही टेकतो न टेकतो तोच पोहे आणले. सबनीस मुलाबद्दल बोलत राहिले. मिहिर अमुक शिकला, मिहिरने गाडी लेकरासारखी जपली. बाई बशा गोळा करून आत गेल्या.

खाली पार्किंगमध्ये मेलनीने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. हँडलच्या खाली बोट फिरवून म्हणाली, "इथला रंग नवा आहे."

"मिहिरची हौस हो, दुसरं काय!"

"आणि आरसी दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे."

"मित्राकडून घेतली होती त्याने. नाव बदलायचं राहून गेलं. कागद सगळे देतो ना मी."

बाहेर आल्यावर मेलनी मला म्हणाली, "मी आधी डॅडीला दाखवते." तिचे वडील मार्कस तीस वर्षं गोदीत वेल्डर होते. पण आठवडाभरापूर्वीच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना बाहेर पडायला अजून पंधरा दिवस तरी लागले असते.

"तोवर गाडी जाईल," मी म्हणाले. "किती संशय घेशील गं? पोहे खाऊ घालणारी माणसं आहेत. आपल्यातली माणसं आहेत."

'आपल्यातली' हे मी मेलनी परेराला सांगत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याच आठवड्यात तिने गाडी घेतली, आरसीही आपल्या नावावर करायला टाकली.

चौथ्या रविवारी गाडी मोडली. उडी मोठी नव्हती, गुडघाभर उंचीचा मातीचा उंचवटा होता. चाकं जमिनीला लागली आणि हँडलखालीच चेसिस तुटून पुढचं चाक वेगळं झालं. मेलनीचा कॉलरबोन आणि डावं मनगट मोडलं. तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. स्वतःच्याच विभागातल्या टेबलावर पडून ती नवीन पोराला ओरडत होती, "अरे, प्लेट वाकडी लावलीस! परत घे!" मी दाराबाहेर उभी राहून रडत होते. तिचं ओरडणं ऐकूनच मला जरा धीर आला.

गाडीचे तुकडे टेम्पोतून गावठाणात आले. मार्कस अंकलनी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन तुटलेल्या जागेजवळचा रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी होती, पुट्टीखाली वेल्डिंग. आधी कुठेतरी आपटून मोडलेली चेसिस जोडून, घासून, वर रंग मारलेला.

"जोडली तरी असती नीट," अंकल म्हणाले. "ज्याने हे केलं ना पोरी, त्याला माहीत होतं की हे तुटणार."

मी सबनीसांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "जुनी गाडी नीट बघून घ्यायची असते. आणि तुमची मैत्रीण उड्या मारणार, हे मला कुठे सांगितलं होतंत?" डर्ट बाइक विकणारा माणूस हे बोलत होता. मग त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला.

मेलनीचा हात तीन महिन्यांनी गळ्यातल्या पट्ट्यातून निघाला, पण खांद्याच्या वर जाईना. मशीन वर सरकवायलाही तिला दुसऱ्याला हाक मारावी लागे. ती चिडचिडी झाली. डबा खाताना गप्प बसे. मी रोज न चुकता जाहिराती बघत होते. एके दिवशी एका फोटोत सबनीसांच्या पार्किंगमधली भिंत दिसली. हिरव्या फरशा आणि दार तुटलेल्या पत्रपेट्या. नंबर वेगळा, नाव वेगळं, गाडीही वेगळी, साधी, रस्त्यावरची. खाली लिहिलं होतं: "मुलगा ऑस्ट्रेलियाला गेल्याने विकणे आहे."

आईच्या फोनवरून मी रविवारी अकराची वेळ घेतली.

आम्ही पोचलो तर सोफ्यावर आधीच एक जोडपं बसलेलं. मानखुर्दचे भीमराज आणि रत्नप्रभा. भीमराज घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतात, त्यांना रोज दिवसभर चालवायला गाडी हवी होती. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या. सबनीसांनी मेलनीला ओळखलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, मग परत गुळगुळीत झाला.

"या ना. तब्येत कशी आहे आता?"

मेलनी त्यांच्याशी बोललीच नाही. भीमराजकडे वळून म्हणाली, "दादा, ही गाडी घेऊ नका. या माणसाने मला मोडकी चेसिस जोडून विकली." तिने डावा हात वर करून दाखवला. तो खांद्यापाशीच थांबला.

भीमराज उखडले. "ओ मॅडम, तुम्हाला पण हीच गाडी पायजे ना? म्हणून चाललंय हे? साहेब एवढे चांगले बोलतायत..."

"मला पण चांगलेच बोलले होते!" मेलनी ओरडली. "तेव्हा मुलगा कॅनडात होता!"

"बदली झाली त्याची," सबनीस म्हणाले.

रत्नप्रभा म्हणाल्या, "साहेब, मग मुलाला फोन लावा की. दोन शब्द बोलतो आम्ही. भांडणच मिटलं."

"तो झोपला असेल आता."

"तिकडे आता दुपार असते," मी म्हणाले.

तेवढ्यात आतून शर्मिष्ठाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी तो टीपॉयवर आपटला. चहा सांडला.

"आम्हाला मुलगा नाही," त्या म्हणाल्या.

"शर्मिष्ठा, आत जा."

"नाही जात. आम्हाला मूलच नाही. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. डॉक्टर झाले, उपास झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली. आणि हा माणूस दर दोन महिन्यांनी मला आई करतो आणि पोरगं परदेशी पाठवतो! मोडलेल्या गाड्या विकायला! नाव पण यांनीच ठेवलं. मिहिर. ते नाव मी ठेवणार होते."

भीमराज उठले. सबनीसांच्या अंगावरच जात होते, रत्नप्रभांनी त्यांचा शर्ट धरला. "चला," त्या म्हणाल्या, "तुरुंगात जायचंय का याच्यासाठी?" जाताना त्यांनी मेलनीच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. दोन तास बसवून साधी नोंद करून घेतली आणि वर सल्ला मिळाला, "समजुतीने घ्या." जबाब द्यायला शर्मिष्ठाबाई आल्या नाहीत. मला याच घरात राहायचंय, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं. मेलनी त्यांच्यावरही भडकली, भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी असते तर काय केलं असतं, माहीत नाही."

आठवड्याने सबनीसांचा निरोप आला. गाडीचे तुकडे परत द्या, सगळे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या. मी म्हणाले, घे. उपचारातच तिची शिल्लक संपली होती.

"आणि तो ती परत जोडेल," मेलनी म्हणाली. "परत रंग मारेल. मग कोण पडेल त्याच्यावरून? भीमराज?"

तिने फोटो काढून ठेवले, आरटीओत नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला, आणि परवानगी हातात आल्यावर एका रविवारी सकाळी गावठाणातल्या अंगणात मार्कस अंकलनी ती चेसिस गॅस कटरने कापली. वीतभर लांबीचे तुकडे केले. मेलनी बाजूला उभी राहून मोजून दाखवत होती, इथे काप, आता इथे. शेजारचे बघायला जमले. भंगारवाल्याने पोतं उचललं तेव्हा तिचा चेहरा काही हलका झाला नाही. सबनीस मोकळाच होता.

गेल्या महिन्यात तो मला आमच्या भाजीबाजारात भेटला. चार ओळखीच्यांसमोर त्याच मऊ आवाजात म्हणाला, "काय, मैत्रीण बरी आहे ना?"

मी आयुष्यात कधी रस्त्यात आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. चेसिस, पुट्टी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळं सांगितलं, नावानिशी. तो चालायला लागला तसं त्याच्या मागे जात सांगितलं. भाजीवाल्यांनी हातातलं काम थांबवलं. मी घामाने भिजले होते. घरी येऊन मेलनीला फोन केला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओरडायला एवढा उशीर का केलास?"