मान हलली तेवढीच

माझी नणंद सुमित्रा अकोल्याच्या मराठी शाळेत शिकली. पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली. लग्न केलं नाही. दिल्लीत नव्या नोकऱ्या निघू लागल्या तेव्हा इकडे आली आणि गुडगावच्या एका खाजगी संशोधन केंद्रात लागली. तिथे एमआरआयने मेंदूचं चित्रण करत. आमच्याच सोसायटीत दोन मजले खाली तिचं घर. काम काय करता, असं कोणी विचारलं की म्हणायची, "शंका घेते. पगार त्याचाच."

२०१० च्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'अं' शिवाय शब्द निघेना. संध्याकाळी मी दिव्यापाशी रामनाम घ्यायची, तेव्हा हे शेजारी बसून प्रत्येक नामाला मान हलवायचे. तेवढाच त्यांचा जप.

वन्संच्या केंद्रात अशाच लोकांवर अभ्यास चालू होता, त्यात ह्यांनाही घेतलं. आठवड्यातून तीनदा बाई घरी येऊन बोलण्याचे व्यायाम घ्यायच्या. आधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा यंत्रात झोपवून मेंदूचं चित्रण. मेंदूच्या ज्या भागांतलं काम एकाच वेळी वाढतं आणि कमी होतं ते एकमेकांशी जोडलेले, असं धरायचं. जोड वाढला असं सिद्ध झालं तर अभ्यास पुढे तीन वर्षं, आणि व्यायामही तीन वर्षं.

जूनमध्ये दुसरं चित्रण झालं. स्वस्थ पडून राहायचं, मान हलवायची नाही, असं तिथे बजावून सांगितलं होतं. हे अजूनही यंत्राला घाबरत होते. ह्या वेळी मी कानाशी म्हटलं, "मनात नाम घ्या."

पंधरा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. पहिल्या चित्रात जोड दाखवणाऱ्या चार रेघा होत्या, दुसऱ्यात जाळंच जाळं. "वेरी गुड प्रोग्रेस!" म्हणाले. अनिशने, माझ्या मुलाने, घरी येतानाच पेढे घेतले. ह्यांचे डोळे भरून आले.

वन्संनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"वहिनी, जोड सगळीकडे सारखा वाढलाय. बरा होणारा मेंदू असा सरसकट जोडला जात नाही गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या दिव्यापाशी येऊन बसली. माझा जप चालू होता, ह्यांची मान हलत होती. ती बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिली.

"यंत्रात दादाला नाम घे म्हणाली होतीस?"

"हो. मनात घ्या म्हटलं. का हो?"

"मनात घेतलं असेल. पण मान हलली. केसभरच, पण ठरावीक वेळाने हलली. माझ्याकडे तिचा आलेख आहे."

मला काही कळेना. मग तिने समजावलं. "मेहरौलीच्या बसमध्ये दोन अनोळखी बायका बसल्यात. खड्डा आला की दोघी एकदम उडतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय मेळ आहे दोघींचा! तसं झालंय. डोकं हललं की सगळे भाग एकदम हलतात, आणि आम्ही त्याला जोड म्हणून बसलो."

हललेले क्षण वगळून तिने पुन्हा मोजलं. ह्यांच्या रेघा परत चारच राहिल्या. मग तिने बाकीचे बावीस रुग्ण तपासले. पहिल्या वेळी ते धास्तीने निपचित पडले होते, दुसऱ्या वेळी सरावाने चुळबुळले. ज्याची चुळबूळ जास्त, त्याची 'सुधारणा' जास्त. ते वगळल्यावर काहीच उरलं नाही.

"आत्या, यार, डॉक्टरांना नाही दिसलं तर तू कशाला सांगतेस?" अनिश चिडला. "बाबांची व्यायामाची बाई बंद होईल!"

मीही हात जोडले. "वन्सं, गप्प राहा ना. पाया पडते."

"आणि उद्या हेच चित्र दाखवून हजार घरांत पेढे वाटतील," ती म्हणाली. "दादा माझाही आहे, वहिनी."

तिने केंद्राला लेखी कळवलं. गणपती उठले त्या आठवड्यात व्यायामाच्या बाई यायच्या थांबल्या. डॉक्टर तिच्याशी बोलेनासे झाले, आणि वर्षभरात तिने नोकरी सोडली. बावीसही घरी तिने स्वतः फोन केले. एका बाईने शिव्या दिल्या, त्या तिने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. मी तिच्याशी चार महिने बोलले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

ह्यांची वाचा आली नाही. परवा मी तिला विचारलंच, "व्यायाम चालू राहिले असते, तर बोलले असते का हे?"



"माहीत नाही. व्यायामाचा उपयोग नाही असं मी म्हटलंच नव्हतं, वहिनी. बोलणं सुधारतं का, ते आम्ही मोजलंच नाही."

हे पलीकडच्या खाटेवर बसले होते. त्यांना सगळं समजतं.