वाकलेल्या तबकड्या आणि आम्ही दोघी जावा

जळगाव जामोदला मी सून होऊन आले तेव्हा घरात ग्रामोफोन होता, पण तो पाहायला मात्र मला बरेच दिवस मिळाला नाही. तो बैठकीत असायचा आणि बैठक पुरुषांची. माझे सासरे, म्हणजे मामंजी, शेतावरून आले की हातपाय धुऊन त्याला चावी भरत. गावातली चार माणसं येऊन बसत. आम्ही दोघी जावा मधल्या दाराआड उभ्या राहून ऐकायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात बाया म्हणजे मी आणि मोठ्या जाऊबाई. तान चांगली लागली की त्या माझं मनगट दाबत. चुलीवर भाजी लागल्याचा वास आला की दोघी पळत सुटायचो.

एका वैशाखात वरवट बकालला मामंजींच्या भाचीचं लग्न होतं. लग्नात ग्रामोफोन वाजवून दाखवायचा म्हणून त्यांनी तो आणि तबकड्यांची पेटी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घालून नेली. दमणी लिंबाच्या सावलीत सोडली होती, पण पंगती लांबल्या, सावली सरकली आणि पेटी दुपारभर उन्हात तापली. उघडून पाहतात तो एकेक तबकडी पळसाच्या द्रोणासारखी वाकलेली. सुई वर चढे, खाली येई, आणि गाणारी बाई गटांगळ्या खात असल्यासारखी गाई. वऱ्हाडी मंडळी पोट धरधरून हसली. मामंजींनी घरी येताच पेटी कोपऱ्यात ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तबकडी ज्वारीच्या पोत्याखाली दाबली. ती कट्कन दुभंगली. मग त्यांनी सगळी चळत आतल्या दाराशी आणून ठेवली.

"फेकून द्या, सूनबाई. याचं आता काई होत नाई."

जाऊबाईंनी चळत उचलली, पण फेकली नाही. धान्याच्या कोठीमागे ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या तबकड्या आमच्या हातात आल्या होत्या. दुपारी घर निजलं की आम्ही त्या काढून बसायचो. बोटांनी बारीक रेघा चाचपायच्या आणि यात आवाज कुठे बसत असेल, याचं नवल करायचं.

फुटलेल्या तबकडीचा तुकडा एकदा चुलीच्या वैलाजवळ राहिला. तो मऊ पडला आणि ओळखीचा वास आला. जाऊबाई हुंगून म्हणाल्या, "अवं, हे तं लाख हाये. आपल्या बांगड्याइची लाख."

"मंग बांगडीवानी गरम करून सरळ होईन का?" मी विचारलं.

"होईन काऊन नाई? लाख उनानं वाकली, तं उनानंच सरळ होईन."

एवढं सोपं ते नव्हतं. आधी आम्ही एक तबकडी निखाऱ्यांवर धरली. ती धिरड्यासारखी लोंबली आणि तिच्या रेघा पुसून गेल्या. मग एक उन्हात पाटावर ठेवून वर दुसरा पाट दाबला, तर पाटाच्या लाकडाच्या शिरा तिच्यावर उमटल्या. खाली-वर गुळगुळीत काहीतरी पाहिजे होतं. काच पाहिजे होती. आणि घरात मोठ्या काचा होत्या त्या फक्त देवघरातल्या तसबिरींना.

जाऊबाईंनी हात जोडले. "देवा, चार रोज उघडा राह्य," म्हणाल्या आणि खिळे उपसायला बसल्या.

भर उन्हात आम्ही धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढलो. जागा सपाट आहे की नाही हे पाहायला काचेवर सुपारी ठेवली. ती घरंगळायची थांबेपर्यंत खाली चिंध्या सरकवत राहिलो. तबकडी जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं पुसून काचेवर ठेवली, वरून दुसरी काच. वरची काच आधी तिरपी, डुगडुगत राहिली. हात लावून दाबायचा मोह होत होता. जाऊबाई म्हणाल्या, "नोको दाबू. तिले तिच्या मनानं बसू दे." आम्ही डोक्यावर पदर घेऊन पाहत बसलो. पाय भाजत होते. हळूहळू ती काच खाली आली आणि सपाट बसली.

पहिल्या खेपेला घाई झाली. कोमट असतानाच काढली आणि ती आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा वाकली. दुसऱ्या खेपेला काचांसकट सावलीत आणली, वर पिठाचा डबा ठेवला आणि दिवस कलेपर्यंत तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग काढली. डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. जाऊबाई नुसत्या हसत राहिल्या.

सरळ झाली खरी, पण वाजते का? मामंजी शेतावरून यायचे होते. आम्ही दोघी बैठकीत गेलो. मी चावी भरली, जाऊबाईंनी सुई ठेवली. सुई डोलली नाही. कर्ण्यातून तीच बाई गायली, स्वच्छ, कुठेही न अडखळता. आम्हाला इतका आनंद झाला की दारात मामंजी येऊन उभे आहेत, हे कळलंच नाही.

गाणं संपलं तेव्हा आम्ही पदर सावरून उठलो. मामंजींनी तबकडी काढली, उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"कोनं केलं हे?"

"आमी केलं, मामंजी," जाऊबाई म्हणाल्या. आवाज खाली होता, पण मान वर होती.

मामंजी जोडे काढून लोडाला टेकले. "मंग आता तुमीच लावा. मी आयकतो."

बाकीच्या तबकड्याही आम्ही एकेक करून सरळ केल्या. त्यानंतर दुपारची बैठक बायांची झाली. शेजारणी पापड लाटायचं सामान घेऊन यायच्या आणि गाणी ऐकत लाटायच्या. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सुना वाकल्या तबकड्या सरळ करतात." ते पसरत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात थेट पिंपळगाव राजाच्या एका मोठ्या जमीनदाराचा गडी फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आला.

"कवा न्याले येऊ?" त्यानं विचारलं.

जाऊबाईंनी गाठोडं सोडलं. काम दोन-चार दिवसांचंच होतं, पण एकही गाणं आमच्याकडचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गड्याला सांगितलं, "सरळ झाल्यावर वाजवून पाहा लागते बाबा, चांगली वाजते का नाई ते. अमावस्या झाल्यावर ये."

त्या दिवशी पौर्णिमा होती.