मोठ्या सिस्टरांचे बूट

मोठ्या सिस्टर वॉर्डात आलेल्या कधी कळायच्याच नाहीत. बाकी सगळ्या जणींच्या सँडलांची टकटक जिन्यापासून ऐकू यायची. या मात्र एकदम खाटेशी उभ्या दिसायच्या. पथ्यावरच्या पेशंटला चोरून शेव-उसळ भरवणारे नातेवाईक, औषधाची गोळी गादीखाली सरकवणाऱ्या आजीबाई आणि खिडकीपाशी गप्पा ठोकणाऱ्या आम्ही नव्या पोरी, सगळे रंगेहाथ सापडायचो. मग नजर खाली गेली की उलगडा व्हायचा. कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि तिच्या काठाखाली जाड तळव्याचे, करकचून लेस बांधलेले धावायचे बूट.

आता साडीखाली असे बूट घातलेली बाई दिसली तर कोणी वळूनही पाहत नाही. तेव्हा बडोद्यात असं दुसरं माणूस निदान मी तरी पाहिलं नव्हतं. गुजराती पेशंट त्यांना 'बूटवाळां बेन' म्हणायचे. आमच्यासाठी त्या मोठ्या सिस्टर, वॉर्डाच्या इन-चार्ज. मी शहरातल्याच पाणीगेटहून आलेली, नुकती शिकून बाहेर पडलेली नर्स होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं, नजर माझ्या नाजूक पट्ट्यांच्या चपलांवर थांबली, आणि म्हणाल्या, "चेहरा हसरा आहे, छान. पण पेशंटपर्यंत तुला हे पायच नेणार आहेत ना?" मला तेव्हा राग आला होता.

त्यांच्या पायांत हे बूट आले ते हौसेने नव्हे. मी रुजू झाले त्या वर्षी पावसाळ्यात त्यांची टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा शिरल्यासारखं व्हायचं, भिंत धरून न्हाणीघर गाठावं लागायचं. विटेवर रुईचं पान ठेवून शेकून झालं, तेलं चोळून झाली. शेवटी आमच्याच हाडांच्या डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि सांगितलं की तळपायाची शीर सुजली आहे, दिवसभर फरशीवर उभं राहणं आता पुरे. मेट्रनबाईंनी लगेच औषधांच्या स्टोअरमधली जागा पुढे केली. पंखा, टेबल, खुर्ची. दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. सिस्टरांचा चेहरा मात्र उतरला. त्या म्हणाल्या, "दुखणाऱ्या माणसाजवळ उभं राहायला मी सिस्टर झाले. कापसाच्या गठ्ठ्यांजवळ बसायला नाही." दिवाळीपर्यंत मुदत द्या, तोवर टाच बरी झाली नाही तर स्टोअरमध्ये जाईन, असं त्यांनी कबूल केलं. वॉर्ड सुटणार या विचाराने त्या किती हादरल्या होत्या, ते आम्हांला दिसत होतं.

डॉक्टरांनी आधार देणारे बूट घ्या म्हणून सांगितलं होतं. पहिली खरेदी पार फसली. ड्यूटीवर येता येता सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी पावासारखे मऊ बूट घेतले. दुपारपर्यंत पाय सुजून बोटं आवळली गेली आणि टाच त्या मऊपणात रुतून दुप्पट ठणकायला लागली. ते बूट नणंदेला गेले. सिस्टरांनी डॉक्टरांना गाठून नीट खोदून खोदून विचारलं आणि पुढच्या शनिवारी, ड्यूटी संपल्यावर, मला बरोबर घेतलं. घरी त्यांच्या सासूबाई, माई, शनिवारी पादत्राणं घ्यायची नाहीत म्हणून अडून बसल्या होत्या. हे कापडाचे आणि रबराचे आहेत, चामड्याचे नव्हेत, तेव्हा शनिमहाराजांचा यात संबंध नाही, असा युक्तिवाद सिस्टरांनी केला. त्यावर माईंनी, शनीला तू शिकवू नकोस, एवढंच ऐकवलं. हे सगळं मला मोपेडवर मागे बसवून सांगताना सिस्टर हसत होत्या.

त्या दिवसांत अलकापुरीत परदेशी नावांची, काचेच्या दारांची दुकानं नुकती उघडली होती. आत इतकं गार आणि चकचकीत, की माझी तर चप्पल बाहेर काढून ठेवायचीच तयारी होती. विक्रेत्याने सिस्टरांची साडी पाहिली, मागितलेले बूट पाहिले आणि अडखळत म्हणाला, "मासी, आ तो दोडवाना बूट छे. तमारे क्यां दोडवुं छे?"

"वॉर्डमां, भाई," सिस्टर म्हणाल्या. "सवारथी सांज सुधी."

मग जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. ड्यूटीवरचेच मोजे घालून, दिवसभराच्या सुजल्या पायांनी त्या एकेक जोड घालून पाहत होत्या. बसून नाही, उभं राहून, दोन्ही पायांत घालून. कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चालताना टाच आत वरखाली व्हायला नको. बूट हातात धरून त्या वाकवून बघायच्या. बोटं वळतात तिथे वळला तर ठीक, मधोमध मोडला तर परत. टाचेमागची बाजू चिमटीत दाबली तरी चेपता कामा नये. बायकांचे गुलाबी जोड पुढून अरुंद निघाले, तेव्हा त्यांनी सरळ पुरुषांच्या फळीकडे बोट दाखवलं. विक्रेता संकोचला. सिस्टरांना कसला संकोच! नव्या जोडात त्या दुकानभर फिरल्या, जिना चढल्या, उतरल्या, आणि मी पेशंट आहे असं समजून माझ्यावर वाकूनही पाहिलं. दुकानातली माणसं बघत राहिली. मला आधी लाजल्यासारखं झालं होतं, पण तोवर मी त्यांच्याकडे कौतुकाने बघायला लागले होते.

बुटांवर निळे पट्टे होते आणि मेट्रनबाईंना गणवेशात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग खपत नसे. त्यावरही तोड निघाली. शाळेच्या मुलांच्या कॅनव्हास बुटांना लावतात ते पांढरं पॉलिश आणून सिस्टर दर रविवारी पट्टे रंगवायच्या. बुधवार-गुरुवारपर्यंत निळा रंग हळूहळू डोकवायला लागायचा. मेट्रनबाई तिकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

वॉर्डात फरक जाणवायला लागला. दुपारनंतर टेबलाला टेकणं थांबलं. पण सकाळची कळ काही हटेना. नवरात्राच्या तोंडावर डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय घालता?" सिस्टरांना हा प्रश्नच विचित्र वाटला. घरी कोण बूट घालतं? आपल्याकडे उंबऱ्याच्या आत पाय अनवाणीच. म्हणजे दिवसभर कमावलेलं त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर गमावत होत्या. हे डॉक्टरांनाही आधी सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या घरीही तेच. सिस्टरांनी तसाच आणखी एक जोड आणला, रस्ता न पाहिलेला, फक्त घरासाठी. माईंनी तो स्वयंपाकघराच्या दाराशी पाहिला आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. वाद झाला नाही. सिस्टरांनी बूट खोक्यात घालून कपाटावर ठेवले आणि पुन्हा अनवाणी पोळ्या लाटायला लागल्या. वॉर्डात सगळ्यांना धारेवर धरणारी ही बाई माईंपुढे शब्द काढत नसे. माईंनीच त्यांची दोन्ही मुलं सांभाळली होती, म्हणून त्या ड्यूटी करू शकल्या होत्या.

नवरात्रात मी त्यांच्या हरणी भागातल्या घरी हळदीकुंकवाला गेले. सिस्टर आत सरबत करत होत्या, लंगडत. माईंनी मला हळूच विचारलं की सूनबाईंचा चेहरा असा का ओढलाय, दवाखान्यात काही झालंय का? म्हणजे स्टोअरचं त्यांना घरी कोणी सांगितलंच नव्हतं! मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, दिवाळीची मुदत, खुर्ची, पंखा, सगळं. "वॉर्ड सोडणार ती?" एवढंच माईंनी विचारलं. मग माझ्या ओटीत गहू घातले आणि उठून गेल्या. आपण आगाऊपणा केला, असं वाटून मी रिक्षात बसून रडले.

दसऱ्याला सोनं द्यायला जायचं धैर्य होत नव्हतं, पण आई म्हणाली, जा. दारात मोपेडला झेंडूची माळ घातलेली होती. आत पाटावर पाटीवरची सरस्वती, मुलांची पुस्तकं, सिस्टरांच्या यजमानांचं पेन, विळी, कात्री, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये कपाटावरचे ते बूट. माईंनी स्वतःच्या हाताने त्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं, प्रत्येकावर एकेक झेंडू ठेवला होता. मी बघतच राहिले. सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या.

"बघतेस काय गं," माई मला म्हणाल्या, "आज हत्यारांची पूजा. हिचं हत्यार हेच." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आज पूजेत आहेत, आज हात लावायचा नाही. उद्यापासून घाल. स्वयंपाकघरातसुद्धा."

"आणि देवघरात?" सिस्टरांनी जेमतेम विचारलं.

माईंनी थोडा विचार केला. "देवघरातलं तुझ्या वाटचं मी करीन," म्हणाल्या.

सिस्टर आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने श्रीखंडाच्या वाट्या घेऊन बाहेर आल्या. डोळे लाल होते. त्या दिवशी माईंनी त्यांना खुर्चीत बसवून वाढलं.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी टाच दाबली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, दाबा अजून. स्टोअरच्या जागेवर दुसरं कोणी गेलं. सिस्टर पुढे कितीतरी वर्षं त्याच वॉर्डात राहिल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. दरम्यान माई गेल्या. त्यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी सिस्टर कशा उभ्या राहिल्या, ते मी पाहिलं आहे. मी सिस्टरांच्या हाताखाली शिकले हे आजही मान ताठ करून सांगते.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषणं झाली. संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, वर वॉर्डाच्या खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "जा बघू आता. खिडकीजवळच्या आजींचं सलाईन संपत आलं असेल."

मी धावत जिना चढले. खरंच संपत आलं होतं.