निळ्या पिशवीचा निरोप

घरात तिला सगळे तिखटमीठ म्हणत, आणि उगाच नाही. तिच्या तोंडी दिलेला निरोप मुक्कामी पोचेपर्यंत चांगला गुबगुबीत व्हायचा. काका नुसतं "येतो" म्हणाले, तर ही सांगणार, "काका आठवणीने झुरतायत, येतीलच." आई आणि मावशी यांचा दोन वर्षं अबोला, तेव्हा निरोपांचा कारभारही हिच्याचकडे. आणि नोकरी कुठली मिळावी? तर इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या कंपनीत, मधल्या यंत्रावर.

तिथे फोनबरोबर एक चिठ्ठी जाते. लिहिणारा एका टोकाला, वाचणारा दुसऱ्या. मधल्याने पोचवायची, बस. एकदा तिला चिठ्ठ्यांत नुसती आकड्या-अक्षरांची गिचमिड दिसली, तशी आमच्या बाईसाहेबांनी यंत्राला बजावलं, कळत नाही ते फेकून दे.

आठवड्याने मावशीकडे गेली, तर मावशी फणफणलेली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात फोन केला होता म्हणे.

"तिघांकडे फिरवला. तिघांना पहिल्यापासून पुराण सांगितलं. चौथ्याला म्हटलं, राहू दे माझा डोळा आहे तसा."

तिने दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. ती गिचमिड त्यांच्याच चिठ्ठ्यांतली होती. मावशीची माहिती पुढच्याला देणारी चिठ्ठी हिनेच कचऱ्यात घातली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तिने हे कबूल केलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुला कळायची गरजच काय? ज्याला कळायचं त्याला कळतं."

तिने तो हुकूम तिथल्या तिथे काढून टाकला आणि संध्याकाळी शेजारी बसून मावशीला पुन्हा फोन लावायला लावला. फोन पुढे गेला, तर पलीकडचा आपणहून म्हणाला, "डावा डोळा ना, आजी? गुरुवारी या." मावशी खूश झाली. पण ही निघाली तेव्हा मावशी दारात घुटमळली.

"आईला सांग, निळी पिशवी माझ्याकडेच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि पदरचं घालशील तर याद राख."

रस्ताभर जीभ नुसती वळवळत होती. मावशी रडतेय म्हणावं, तुझी आठवण काढते म्हणावं. आई भाजी निवडत होती. तिने निरोप सांगितला, होता तेवढाच.

आईचा हात थांबला. "माझं लहानपणी ऑपरेशन झालं, तेव्हा ती पिशवी घेऊन तुझी मावशी दवाखान्यात आली आणि मला घरी नेईपर्यंत हलली नाही. आता तिची पाळी दिसतेय, घाबरलीय ती. कधी आहे ऑपरेशन?"

"गुरुवारी."

आई उठून कपाटातून बरोबर न्यायचे कपडे काढायला लागली. मग कपाटाकडे तोंड करूनच म्हणाली, "दोन वर्षं इतके गोड निरोप आणलेस गं तू. त्यातला एकही मला तिचा वाटला नाही."