भाच्याची टोपी

जत्रेच्या आदल्या दिवशी भावाचा बंगला मी उघडते. किल्ली माझ्याकडे असते, आणि आक्काला कामं मार्गी लावता येतात असं घरात सगळ्यांचं मत आहे. क्रम ठरलेला आहे. आधी पाण्याचा टँकर, मग मोटर चालते का ते बघायचं, मग गॅस, मग झाडलोट, मग गाद्या गच्चीवर उन्हाला. आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावात असे बंगले पुष्कळ आहेत. खाली चकचकीत फरशी, दाराला पितळी कड्या आणि वर्षभर कुलूप. माणसं गलाईला गेलेली असतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी भट्टीत वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. माझा धाकटा भाऊ तमिळनाडूत आहे. मिसरूड फुटायच्या आधी तो एका चुलत्याबरोबर गेला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे.

मुलींना भट्टीवर नेत नाहीत. म्हणून मला सांगलीला कॉलेजात घातलं. त्यामागे याहून मोठा विचार कुणी केला नव्हता. तिथे मी एम.कॉम. झाले, साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटले आणि आता तिथे प्रवेशाचं टेबल सांभाळते. जून आला की खिडकीपलीकडून आईबाप विचारतात, "मॅडम, कशात स्कोप आहे?" मी विचारते, मार्क किती, आवड कशाची, घरी कोण कमावतं. तीन उत्तरं मिळाली की सांगून टाकते. रांग मोठी असते. आजवर मी अडखळले नव्हते.

यंदा जत्रेच्या कामांत एक काम जास्त होतं. माझ्या मुलाला दुकानात घे, असं भावाला विचारायचं.

मुलगा इंजिनिअर आहे. सांगलीत शिकला. पास झाल्यावर पुण्यात मुलाखती दिल्या, मग लोणंदच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडून लागला. मशीनसमोर उभं राहून एक बटण दाबायचं आणि बाहेर येणारा सुटा भाग मापून ट्रेमध्ये ठेवायचा. शेजारचा आयटीआयचा पोरगा तेच करायचा. वर्ष पुरं व्हायच्या आत सगळ्यांना ब्रेक दिला, पुन्हा घेतलं, पुन्हा ब्रेक दिला. तिसऱ्या वेळी बोलावणं आलं नाही. तेव्हापासून तो घरी आहे. भांडत नाही, व्यसन नाही. गॅस सिलिंडर तोच बदलतो, वीजबिल तोच भरतो. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चहा तयार असतो. त्या चहाचा मला त्रास होतो.

माझे यजमान फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा एकच सूर. "बारावीला पळायला लावलं असतं तर आज वर्दीत असता." पण भरतीचं वयही निघून गेलं आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मार्चमध्ये एका रविवारी मुलगा म्हणाला, "आई, मी मामाकडे जातो."

"फिरायला?"

"भट्टीवर."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "चार वर्षं शिकलास ते?"

"ते झालं की आता. मामाला संध्याकाळी कळतं, आज काय केलं ते. समोर सोन्याची लगड असते. मला लोणंदला कधी कळलं नाही."

मी नेहमीप्रमाणे दोन रकाने करायला घेतले. एकीकडे जावं, दुसरीकडे जाऊ नये. दोन्हीकडे भरपूर निघालं आणि त्यातून काही ठरलं नाही. शेवटी म्हटलं, विचारते मामाला.

आमच्या भावकीत पोरगं गलाईला न्यायची एक रीत आहे. जत्रेला सगळे दुकानदार गावी येतात, तेव्हाच ठरतं. ज्यानं न्यायचं त्यानं देवळासमोर, पालखी टेकली की, पोराच्या डोक्यावर टोपी घालायची आणि हातात नारळ द्यायचा. त्यानंतर कुणी माघार घेत नाही, पोराचा बाप नाही आणि नेणाराही नाही. टोपी बहुतेक मामा किंवा चुलता घालतो. माझ्या भावालाही तशीच घातली होती. मी बायकांच्यात उभी होते, आणि माझ्या डोक्यावर टोपी का नाही याचा मला राग आला होता.

भाऊ दुपारी आला. गाडीतून उतरून त्यानं पहिल्यांदा नळ सोडून बघितला, पाणी आलं तसा हसला. "आक्का, तू हाईस म्हणून ह्यो बंगला हाय. न्हाईतर कबुतरांचाच हुता." बरोबर भावजय आणि मोठा मुलगा. मुलगा इस्लामपूरला वसतिगृहात राहून बारावीला होता, परीक्षा संपली तसं त्याला वाटेत गाडीत घेतलं होतं. त्यानं माझ्याबरोबर आलेल्या माझ्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. "काय इंजिनिअर?" माझा मुलगा म्हणाला, "बोल लेका." दोघं गाद्या आणायला गच्चीवर गेले.

जेवणं झाली, पोरं उरलेल्या गाद्या आणायला पुन्हा वर गेली. भावजय आत आवरत होती. भाऊ जिन्याच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होता. म्हटलं आताच विचारावं.

"तुझ्याकडे एक काम आहे."

"टँकरवाला जास्त मागतोय का?"

"नाही. पोराला तुझ्याकडे घे."

त्याला कळलं नाही. "कुठल्या पोराला?"

"आपल्याच. माझ्या."

अडकित्ता थांबला. त्यानं गच्चीकडे बघितलं. "सुट्टीला?"

"कायमचा. त्याचंच म्हणणं आहे. उद्या टोपी घाल."

तो मोठ्यानं हसला, मग माझं तोंड बघून त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "आगं आक्का, चोवीस-पंचवीसचा गडी त्यो. माझ्याकडं मिसरूड न फुटलेली पोरं बसत्यात भट्टीपुढं. त्यांच्या हाताखाली ह्येला बसवू? ती ह्येला सायेब म्हनतील, आन् पाठीमागं हसतील."

"त्याची तयारी आहे."

"त्येची आसंल. हाताची न्हाई." त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. "ह्ये बघ."

ते हात मी लहानपणापासून बघते आहे, तरी बघितले. बोटांची टोकं गुळगुळीत, पिवळट, नखांच्या कडा काळ्या. तेजाबानं बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. आधारचा अंगठा उठत नाही. बँकेत, रेशनवर, सिमकार्डाला, कुठेच नाही. मागे एकदा आटपाडीला केंद्रावर मीच त्याला घेऊन गेले होते. यंत्रावर दहाही बोटं एकेक करून दाबून झाली, तसा तो तिथल्या मुलीला म्हणाला होता, "सोडा बाई. सरकारच्या लेखी मी न्हाईच."

"पोराचा अंगठा उठतोय नव्हं?" आता तो म्हणाला. "मग उठू दे की."

"अंगठा उठतो, पण त्याला विचारतंय कोण?"

त्यानं कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग आवाज खाली आणला.

"अजून एक हाय आक्का. माझं थोरलं म्हनतंय, मला न्हाई शिकायचं, मी दुकानात येतो. धाकटंबी त्येच. दोगास्नी मी काय सांगतो ठावं हाय? आत्तीकडं बघा. आत्तीच्या पोराकडं बघा. जेवताना सांगतो, फोनवर सांगतो. तिकडं दुकानात सगळ्यास्नी सांगून ठिवलंय, भाचा इंजिनिअर हाय म्हणून. आन् उद्या त्येच्याच डोक्यावर टोपी घातली तर? माझी दोन्ही पोरं संध्याकाळी पुस्तकं आडात टाकतील."

"म्हणजे माझ्या पोरानं नुसतं दाखवायला बसायचं?"

"तसं न्हाई म्हनत मी."

"मग कसं म्हणतोस?"

"मला न्हाई ठावं आक्का. तूच सांग. शिकल्याली तू."

हे तो खोचून म्हणाला नव्हता. खरंच विचारत होता. भट्टीचा धूर त्याच्या छातीत आहे, तो पोरांच्या छातीत जाऊ नये यासाठी त्याच्याकडे एवढी एकच वाट आहे, आणि ती माझ्या दारावरून जाते. मी काय सांगणार? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. मला शिकण्यानं सगळं दिलं. सांगलीच्या वसतिगृहात पहिल्यांदा मला माझी स्वतःची कॉट मिळाली, कपाट मिळालं, त्याला कुलूप मिळालं. दुपारी वाचनालयात बसले की हाक मारून कामाला लावणारं कुणी नसे. नोकरी मिळाली, सही मिळाली. पुन्हा जन्मले तरी तेच करीन. आणि मुलासाठी विचारलं तर, त्याची ती चार वर्षं कुणीतरी परत द्यावीत असं मला वाटतं. ही दोन उत्तरं मी कधीची शेजारी शेजारी ठेवून बघते आहे. एकातून दुसरं वजा होत नाही.

"त्याला काय सांगू?" मी विचारलं.

"मीच सांगतो." भाऊ उठला, जिन्याच्या दोन पायऱ्या चढला आणि थांबला. मुलगा खाली येत होता, खांद्यावर गादी. त्यानं ऐकलं होतं. उघड्या जिन्यात सगळं ऐकू जातं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मामा, जरा सरका," तो म्हणाला. "गादी लागेल."

भाऊ भिंतीला चिकटला. गादी खाली आली.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. गुलाल, खोबऱ्याची उधळण, हलगीचा आवाज छातीत बसणारा. "चांगभलं" म्हणताना भावाला खोकला आला. देवळासमोर पालखी टेकली तशा टोप्या निघाल्या. भावानं यंदा एकच पोरगा न्यायचा ठरवला होता, चुलतभावाचा, नववीतून शाळा सुटलेला. टोपी मोठी होती, ती पोराच्या कानांवर आली. बायका हसल्या. कुणीतरी ओरडलं, "आरं, डोस्कं वाढंल की टोपीपरमानं!" माझा मुलगा गर्दीत पुढे होता. नारळाची पिशवी मामानं त्याच्याकडेच धरायला दिली होती. त्यातून नारळ काढून त्यानंच मामाच्या हातात दिला. मी बायकांच्यातच उभी होते. भावाच्या वेळीही तिथेच उभी होते.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं असतं, तरी कोणत्या तोंडानं रागवायचं ते मला सुचलं नसतं.

रात्रीच्या मटणाची तयारी चालली असताना तो मोठ्या मुलाला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आला. "आक्का, ह्येला सांग. तुझं ऐकंल. कशात घालायचं, काय काय कागद लागत्यात."

पोरगा मान खाली घालून उभा. "आत्ती, मला न्हाई जायचं कॉलेजला," तो पुटपुटला. "दादाला काय मिळालं?"

भाऊ त्याच्यावर खेकसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. माझा मुलगा परातीशी बसून कांदे चिरत होता. त्याची सुरी चालूच होती. भावजय चुलीपुढून वळली. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते. माझ्याकडे जे होतं ते प्रवेशाच्या खिडकीवरचं होतं, आणि तेच बाहेर आलं.

"मार्क किती पडतील?" मी विचारलं.

"सत्तरच्या आसपास."

"आवड कशाची?"

त्यानं खांदे उडवले. घरी कोण कमावतं, हे मी विचारलं नाही.

"निकाल लागला की लगेच साताऱ्याला ये," मी म्हणाले. "येताना दहावी-बारावीची मार्कलिस्टं आण, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा, उत्पन्नाचा. सगळ्याच्या तीन झेरॉक्स. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचे. तहसीलला गर्दी व्हायच्या आत अर्ज टाक." मी एकेक बोट दुमडत सांगत होते आणि भाऊ प्रत्येक बोटाला मान हलवत होता, जणू एकेक संकट टळत होतं.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"नॉन-क्रिमीलेअर राहिलं, आई," माझा मुलगा म्हणाला. डोळ्यांना कांदा लागला होता, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि तो मामेभावाकडे वळला. "त्याला सगळ्यात वेळ लागतो रं. ते आधी काढ."